बालक! बालक!

मला ऐकू कमी येतं ही अफवा आमच्या घरात साधारण तीन वर्षांपूर्वी उठली. कोणी उठवली ते मला ठाऊक आहे. पण मी तिच्याच हातचं जेवतो, तेव्हा नाव घेत नाही.

आता, अफवेत तथ्य नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून, कानांवर डबडी चढवून माझ्या श्रवणशक्तीचा आलेख काढला. तो खंडाळ्याच्या घाटासारखा होता. सुरुवातीला बरा सपाट, मग एकदम खाली कोकणात. "तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," असं डॉक्टर म्हणाले असावेत. त्यांचा आवाज बारीक होता. मग रीतसर यंत्र घेतलं गेलं. त्या किमतीत माझ्या वडिलांच्या काळी कसब्यात दोन खोल्या आल्या असत्या. ते मी आठ दिवस वापरलं आणि एका लोकरी मोज्यात घालून कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं. कारण सांगतो. माणसाला चष्मा लागला की लोक त्याला विद्वान समजतात, केस पिकले की अनुभवी समजतात. पण कानाला यंत्र लावलं की त्याच्याशी कुक्कुल्या बाळाशी बोलावं तसं बोलायला लागतात. मोठ्यानं, सावकाश आणि हातवारे करून. माझ्या थोरल्या भावाचं हे झालेलं मी पाहिलं होतं.

तेव्हा मी स्वतःची एक पद्धत शोधून काढली. समोरच्यानं काहीही म्हटलं तरी तीनच उत्तरं द्यायची: "असं?", "बघू" आणि "चालायचंच". हसू नका. मी बँकेत ज्यांच्या हाताखाली पस्तीस वर्षं काढली त्यांतले निम्मे साहेब याच तीन उत्तरांवर सन्मानानं निवृत्त झाले, आणि त्यांचे कान चांगले शाबूत होते.

या पद्धतीत एकच धोका असतो. एका रविवारी लंडनहून आमच्या मुक्ताचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, डिसेंबरात मोरगावला जाऊ या का? केदारला रजा आहे. गाडी भाड्यानं घेऊ, चार दिवस फिरू." मी म्हटलं, "असं? बघू." मोरगावला चार दिवस काय फिरायचं ते मला समजेना, पण लंडनला राहून मुलीला मोरेश्वराची ओढ लागली याचं समाधान वाटलं. पुढं तिनं पासपोर्टाचा नंबर मागितला तेव्हाच खरं म्हणजे मला शंका यायला हवी होती. आली ती तिकिटं हातात पडल्यावर. मोरगाव नव्हे, मोरोक्को. आता मागं फिरायचं तर कान कबूल करावे लागणार. म्हटलं, चालायचंच.

अशा रीतीनं आम्ही कासाब्लांकाच्या विमानतळावर उतरलो. सगळा प्रवास जेमतेम साडेतीनशे किलोमीटरचा, म्हणजे पुणे ते नागपूर निघालेला माणूस निम्म्या वाटेवर डबा उघडतो तेवढा. पण त्या तेवढ्या पट्ट्यात या लोकांनी एवढ्या राजधान्या करून ठेवल्या आहेत की गाडीला चौथा गिअर टाकावा तोवर पुढची तटबंदी दिसते. खुद्द कासाब्लांका मात्र राजधानी नव्हे, धंद्याचं गाव. त्याच नावाचा तो १९४२चा सिनेमा आमच्या पिढीनं इंग्रजी कळत नसताना पाहिला होता. तो सबंध सिनेमा हॉलिवुडात काढलेला आहे, नट मंडळी या गावात आलीच नव्हती, हे मुक्तानं सांगितलं तेव्हा फसवल्यासारखं झालं. समुद्राच्या काठावर हसन दुसऱ्याची मशीद आहे, १९९३ साली पुरी झालेली, दोनशे मीटर उंच मिनार. वर बघता बघता आमच्या हिच्या मानेत लचक भरली, आणि कासाब्लांका संपलं.

गाडी केदार चालवणार होता. बिचारा लंडनला रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतो. इथं उजव्या बाजूनं. त्यामुळं त्याचं सगळं लक्ष आपण कोणत्या बाजूला आहोत याकडे. मागं मायलेकी. पुढच्या सीटवर, फोन हातात धरून, फोनमधली बाई सांगेल ती वाट केदारला सांगायला, मी. ही नेमणूक कोणी केली ते मला कळलं नाही, कारण ती केली तेव्हा मी "असं?" म्हणालो होतो.

या देशात चौक म्हणजे वर्तुळ. वर्तुळात शिरायचं आणि दुसऱ्या का तिसऱ्या फाट्यानं बाहेर पडायचं. फोनमधल्या बाईचा आवाज डॉक्टरांसारखाच बारीक. केदार विचारी, "बाबा, कितवा फाटा म्हणाली?" मी भारदस्तपणे सांगे, "दुसरा." तीन वर्तुळं माझा अंदाज बरोबर निघाला. चौथ्या वर्तुळानंतर पाऊण तासानं समोर तोच दोनशे मीटरचा मिनार उभा! "अरे वा, यांचा इथंही एक आहे वाटतं," असं मी म्हणालो. गाडीत कोणीच काही बोललं नाही. निदान मला तसं वाटलं.

रबातला त्यामुळं उशिरा पोचलो. तिथं हसनचा मनोरा पाहिला. याकूब अल-मन्सूर नावाच्या सुलतानानं बाराव्या शतकाच्या शेवटी अवाढव्य मशीद बांधायला काढली. ११९९ साली तो वारला आणि काम थांबलं ते थांबलंच. चव्वेचाळीस मीटरांचा अर्धा मनोरा आणि पुढं छप्पर नसलेल्या खांबांच्या रांगा. जे काही उभं होतं त्याची १७५५ सालच्या भूकंपानं पार दैना केली. भूकंप झाला लिस्बनला, समुद्रापलीकडे, आणि पडझड इथं. आमच्या पुणेरी डोळ्यांना अर्धवट बांधकामाची सवय असली तरी सव्वाआठशे वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं.

मेकनेसला मात्र मी रमलो. हे शहर मौलाय इस्माईल या सुलतानाचं. तो गादीवर आला १६७२ साली, म्हणजे आपल्या महाराजांचा राज्याभिषेक व्हायच्या दोन वर्षं आधी, आणि मेला १७२७ साली. तिकडं आलमगीर पंचवीस वर्षं दख्खनमध्ये छावण्या हलवत फिरत होता, आणि इकडं हा गडी भिंत बांधत बसला होता. चाळीस किलोमीटरची तटबंदी! कोठारं अशी की भिंतींच्या जाडीत आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक बसावा. त्याला मुलं आठशेहून अधिक होती म्हणतात. शिवाय फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडे त्यानं मुलीसाठी मागणी घातली होती. लुईनं स्थळ परतवलं. "आठशे मुलांची नावं ठेवायची कोणी?" हा प्रश्न आमच्या हिला पडला. हे मला ऐकू आलं, कारण ती कोठाराच्या कमानीखाली बोलली आणि आवाज घुमला. तो दगड माझ्यासारख्यांसाठीच रचला असावा. या कोठारांची छपरंही त्याच भूकंपानं नेली.

बाब मन्सूर म्हणून तिथला मुख्य दरवाजा आहे. इस्माईलच्या मुलानं तो १७३२ साली पुरा केला. त्याला लावलेले संगमरवरी खांब जवळच्या पडक्या रोमन गावातून उचलून आणलेले. मुक्ता म्हणाली, "बाबा, उद्या ते गाव बघायचं." दिवसाउजेडी, समोरासमोर बोलली, म्हणजे ओठ दिसत होते. अंधारात तसं नसतं. त्या रात्री दिवा मालवल्यावर ही बराच वेळ काही तरी बोलत होती. मी तिन्ही उत्तरं क्रमानं दिली. शेवटचं उत्तर दिल्यावर ती गप्प झाली, आणि मी समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी ते गाव पाहिलं. वोलुबिलिस. रोमन साम्राज्याच्या पार टोकाचं ठाणं. पलीकडे त्यांना जावंसं वाटलं नाही. तिसऱ्या शतकाच्या शेवटी शेवटी रोमन अधिकारी चंबूगबाळं आवरून निघून गेले, पण जमिनीवरची चित्रं राहिली. रंगीत खडे बसवून केलेली, अजून जिथल्या तिथं, उघड्या आभाळाखाली. एके काळी घरोघर ऑलिव्हचं तेल गाळायचे घाणे होते. त्यांचे दगड अजून तसेच पडले आहेत. बैल जोडला की सुरू होतील असं वाटतं. २१७ साली उभारलेली काराकाला बादशहाची कमान माळावर एकटीच उभी आहे, लग्न आटोपल्यावर विसरलेल्या मांडवाच्या खांबासारखी.

आणि शांतता. काय सांगू तुम्हाला! त्या माळावर कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांत प्रथमच मी चारचौघांसारखा होतो. एका उंच खांबाच्या डोक्यावर काटक्यांचं घरटं आणि त्यात पांढऱ्या करकोच्यांची जोडी. ही माझ्या दंडाला स्पर्श करून म्हणाली, "ऐकलंत? कसा आवाज करतोय!" करकोच्यानं मान पाठीपर्यंत मागं टाकली होती. मी डोळे मिटून म्हटलं, "वा! काय गळा आहे!"

मुक्तानं नेमकं त्याच वेळी पुस्तकातून वाचायला सुरुवात केली. माझ्याकडे तोंड करून, त्यामुळं मला कळलं. या करकोच्याला गळा जवळजवळ नसतोच. तो गात नाही. नुसती चोच चोचीवर आपटतो, टाळ्यांसारखी. तिघांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

संध्याकाळी फेसला पोचलो. या गावाच्या नावावर कोटी करायची नाही असं मी घरून ठरवून निघालो होतो, पण काय करणार, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या तोंडाला खरोखरच तो आला.

जुनं फेस म्हणजे, आपल्या सगळ्या पेठा एकत्र करून, पिळून, त्यांतला मोटार जाईल असा एकूण एक रस्ता काढून टाकला तर जे उरेल ते. गल्ल्या नऊ हजार आहेत म्हणतात. मोजणारा बाहेर आला कसा, एवढंच मला नवल वाटतं. शहर वसायला सुरुवात झाली आठव्या शतकाच्या अखेरीला. ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या, कैरवानहून आलेल्या बाईंनी करवियिन ही मशीद बांधली असं तिथं सांगतात. तीच पुढं मोठी विद्यापीठ झाली. सगळी ने-आण गाढवांवरून आणि खेचरांवरून: गॅसच्या टाक्या, पेयांच्या बाटल्या, ओली कातडी, कोणाचं तरी फ्रीज.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकांनी सकाळी न्याहारीला चौकोनी घडीची पोळी वाढली. तिला ते मसेमेन म्हणतात. तेलाचा हात लावून, घडी घालून, तव्यावर भाजलेली, अगदी आपली. पोळीवर मध घालता घालता मालक हात हलवून काही तरी महत्त्वाचं सांगत होते. माझं लक्ष पोळीत. मी म्हटलं, "असं?"

बू जलूदच्या दरवाज्यातून आत शिरलो. हा दरवाजा बाहेरून निळा आणि आतून हिरवा. थोडं पुढं बू इनानिया मदरसा. तो बांधणारा सुलतान अबू इनान, आणि त्याच्याच हुकमावरून इब्न बतूता नावाच्या प्रवाशानं आपली सगळी भटकंती तोंडी सांगितली आणि एका लेखकानं ती उतरून घेतली. १३५५ साली पोथी पुरी झाली. हा इब्न बतूता टॅंजियरचा. जवळजवळ तीस वर्षं फिरला. आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला. मराठ्यांच्या बायकांना देवानं खास सौंदर्य दिलं आहे, विशेषतः नाक आणि भुवया, असं त्यानं लिहून ठेवलंय. हे मी हिला सांगितलं. तिनं नकळत पदर नीट केला आणि विचारलं, "तुम्ही एवढ्या वर्षांत असं कधी बोलला नाहीत ते?" हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. मी "बघू" म्हणालो.

तिथून गल्ली उताराला लागते. मायलेकी पुढं, केदार फोटो काढत मध्ये, मी मागं. एका दुकानाशी पुदिन्याच्या जुड्या रचल्या होत्या, त्या बघत थांबलो. मागून कोणी तरी ओरडलं, "बालक! बालक!"

लक्षात घ्या, हे मला ऐकू आलं. परक्या मुलखात कोणी तरी शुद्ध मराठीत बालकाला हाक मारतंय याचं कौतुक वाटून मी आजूबाजूला बालक शोधू लागलो. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी इतका मन लावून कोणाला शोधलं नसेल. पुन्हा "बालाक!" आणि मग पाठीत जो दणका बसला तो थेट पुदिन्यात. चार गॅसच्या टाक्या लादलेलं एक खेचर माझ्याकडे तुच्छतेनं बघत निघून गेलं. बालाक म्हणजे बाजूला व्हा. न्याहारीच्या वेळी मालक सांगत होते ते हेच.

पुदिनेवाल्यानं मला उचललं, झटकलं, माझ्या कोटाच्या खिशात पुदिन्याची जुडी खोचली आणि पैसे घेतले नाहीत. मी वर पाहिलं तर पुढं कोणी नाही. ती मंडळी मला हाका मारत असणार, पण त्या हाका खंडाळ्याच्या घाटाखाली पडत होत्या.

फोन थरथरला. मुक्ता. कानाला लावला, आतून नुसती खरखर. सवयीनं तोंडातून "चालायचंच" गेलं आणि फोन बंद झाला. तेवढ्यात एक पोरगा पुढं आला आणि दोन्ही हात आडवे करून "रस्ता बंद, रस्ता बंद" अशा खुणा करू लागला. त्यानं मला सात गल्ल्या फिरवून चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर नेऊन उभं केलं. खाली कातडी कमावण्याची कुंडं, पांढरी, पिवळी, तांबडी, मध्ये गुडघाभर रंगात उभी असलेली माणसं. कातडी मऊ करायला चुना आणि पारव्याची विष्ठा वापरतात. निदान माझं नाक पूर्णपणे शाबूत आहे याची तिथं खात्री पटली. खिशातला पुदिना नाकाशी धरून उभा राहिलो. दुकानदार काही तरी आकडा बोलला, मी मान हलवली, आणि टाचा नसलेल्या पिवळ्याजर्द सपातांचे दोन जोड माझ्या हातात आले.

बाहेर आलो. आता खरं सांगतो, घाबरलो. गर्दी अशी की सगळ्यांची तोंडं हलताहेत आणि आवाज एखाद्या गोधडीतून यावा तसा. वाट विचारायची कोणाला, आणि उत्तर ऐकायचं कशानं? भिंतीला टेकून उभा राहिलो. हातात पिवळ्या सपाता.

आणि तेव्हा ऐकू आलं. ठण्. ठण्-ठण्. ठण्.

हा आवाज मला कोणी ओळख करून द्यायला नको होता. माझा जन्म कसब्यातला. तांबट आळी दोन बोळ सोडून. पेशवाईपासून तिथं तांबट बसलेले. बंब, घंगाळं, हंडे, आणि त्यांवर मठारण्याचे ठोके पहाटेपासून. त्या ठोक्यांवर मी पाढे पाठ केले, त्या ठोक्यांत आजारपणं काढली. पुढं वाडा पडला, इमारत झाली, मी उपनगरात गेलो. मी भिंत सोडली आणि ठोक्यांच्या मागं निघालो. वळणावर क्षीण झाले की परत फिरायचं, मोठे झाले की पुढं. फोनमधल्या बाईपेक्षा शंभर पटींनी सोपं.

गल्ली एका लहानशा चौकात उघडली. सफ्फारीनचा चौक, इथले तांबट शतकानुशतकं इथंच बसतात. पोटात माणूस मावेल असे हंडे उलटे घालून दोघं दोघं आळीपाळीनं ठोकत होते. आणि एका चहावाल्याच्या बाकावर, समोर पुदिन्याच्या चहाचा ग्लास ठेवून, आमची ही. एकटीच.

"ती दोघं दरवाज्याशी बघायला गेलीत," ती म्हणाली. म्हणजे तिनं माझ्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. "मी म्हटलं, मी तांबटांत बसते. ते इथंच येतील."

"कशावरून?"

"दुसरं तुम्हाला ऐकू येतं काय!"

मग ती थोडा वेळ ठोक्यांकडे बघत राहिली. "लग्न होऊन आले तेव्हा त्या आळीच्या आवाजानं महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. तुम्ही मात्र घोरत होतात," ती म्हणाली. आणि मग, त्याच सुरात: "परवा रात्री मी तुम्हाला सांगितलं, डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणताहेत. परत गेल्यावर लगेच. मला फार भीती वाटते म्हटलं. काय म्हणालात तुम्ही?"

मी काय म्हणालो असेन ते मला ठाऊक होतं. तीनच तर उत्तरं होती. त्यांतलं शेवटचं.

"चालायचंच म्हणालात," ती म्हणाली. "गुडघ्याला!"

तिनं पर्स उघडली आणि आतून लोकरी मोजा काढला. कपाटाच्या तळाशी असतो तो. पुण्याहून फेसपर्यंत ती तो बरोबर घेऊन आली होती आणि चार दिवसांत एकदाही बोलली नव्हती.

मी यंत्र कानात घातलं. पुढच्याच क्षणाला त्या चौकातल्या एकूण एक हातोडीनं माझ्या डोक्यात मठारायला सुरुवात केली. चहावाल्याचे ग्लास किणकिणत होते, कोणी तरी खोकत होतं, माझा स्वतःचा कोट खसखसत होता.

"कधी करायचं म्हणतेस?" मी विचारलं.

"ओरडू नका," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."

तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस झोपून राहावं लागेल, तिच्या मामेबहिणीचं काय झालं होतं, खर्च. मी मध्ये एकदाही "असं?" म्हणालो नाही. फार अवघड गेलं. चहा पार थंड झाला. मग तिनं सपातांकडे बघून "हे काय?" विचारलं आणि मी तेही सगळं सांगितलं, किमतीसकट. गुडघ्यापेक्षा तिला तिथं जास्त दुखलं.

मुक्ताला फोन करून आम्ही दरवाज्याकडे निघालो. गल्ली अरुंद, चढाची. ती माझ्या दंडाला धरून हळूहळू, अजून त्या किमतीबद्दलच बोलत. मागून लांबून आवाज आला, "बालाक! बालाक!" ती बोलण्यात दंग. मी तिला दोन्ही हातांनी धरून भिंतीशी दाबली, आणि आमच्या अंगाला घासून एक खेचर गेलं. पाठीवर पुदिन्याचा डोंगर.

खेचर दिसेनासं झाल्यावर ही पुटपुटली. अगदी हळू, बारीक आवाजात, मान दुसरीकडे वळवून. ते मला जसंच्या तसं ऐकू आलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.